कळसूबाईहून उतरल्यावर दुखणारे पाय आणि घरच्या घरी बर्फाचा शेक

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण उत्तर कोणत्या परिस्थितीसाठी आहे हे स्पष्ट नसेल तर दुसऱ्या कोणी ते स्वतःला लावून घेऊ नये. आपले वय 46 आहे. रविवारी आपण कळसूबाईला जाऊन आलात, सोमवारी अंग थोडे जड वाटले, आणि मंगळवारी सकाळपासून दोन्ही मांड्यांचा पुढचा भाग इतका दुखतो आहे की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. उतरताना डावा घोटाही मुरगळला होता. त्यावर थोडी सूज आहे, पण आपण त्या पायावर चालू शकता. मित्राने फ्रीझरमधला जेल पॅक अर्धा तास थेट पायावर बांधून ठेवायला सांगितले आहे. आईंचे म्हणणे असे की थंडाने वात वाढतो, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. आणि शेवटच्या ओळीत आपण जाता जाता विचारले आहे की 71 वर्षांच्या आईंच्या पोटऱ्याही रात्री दुखतात, त्यांना 15 वर्षांपासून मधुमेह आहे, तर तोच पॅक त्यांनाही लावावा का.

गेली 22 वर्षे मी फिजिओथेरपी करते आहे, आणि आपल्या मांड्यांपेक्षा मला त्या शेवटच्या ओळीची अधिक काळजी वाटते. आईंना तो पॅक लावू नका. कारण पुढे सविस्तर सांगते, पण बाकीचे वाचून होण्याआधी एवढे लक्षात असू द्या.

बर्फ दुखावलेला स्नायू बरा करत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. त्वचेचे तापमान एरवी 32–33 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते 10 ते 15 अंशांच्या दरम्यान उतरले की त्या भागातल्या मज्जातंतूंमधून वेदनेचे संदेश संथपणे जाऊ लागतात, आणि बारीक रक्तवाहिन्या आकसल्यामुळे तिथला रक्तप्रवाह काही काळ कमी होतो. त्यामुळे दुखणे कमी जाणवते. बर्फाचे काम साधारण एवढेच आहे, आणि पहिल्या दोन दिवसांत रात्रीची झोप लागण्यासाठी एवढ्याचाही मोठा आधार असतो. मात्र बर्फ जी जाणीव बोथट करतो, तीच जाणीव त्वचेला इजा होत असल्याची सूचनाही देत असते. बर्फ लावण्यासंबंधीचे बहुतेक सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात.

आपल्या मित्राने दिलेला सल्ला कोठून आला, हेही सांगते. अमेरिकेतील डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये मुरगळणे, लचकणे यांसाठी विश्रांती, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंचावर ठेवणे असे चार भागांचे सूत्र मांडले, आणि ते पुढे जगभर शिकवले गेले. मीही तेच शिकले. त्याच मर्किन यांनी 2014 मध्ये स्वतःहून लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून येण्यास विलंब होऊ शकतो, कारण सूज आणि दाह हे शरीराच्या दुरुस्तीच्या कामाचाच भाग आहेत. 2019 मध्ये कॅनडातून पुढे आलेल्या नव्या सूत्रात तर बर्फाला जागाच नाही. तिथे भर आहे तो हळूहळू भार देण्यावर आणि हालचालीवर. माझ्या कामात मी यातून एवढाच अर्थ घेतला आहे की बर्फ वेदनेसाठी लावावा, बरे होण्यासाठी नव्हे. दुखणे सहन होण्याजोगे असेल तर तो लावलाच पाहिजे असे नाही, आणि तीन दिवसांनंतरही त्याच्याशिवाय चालत नसेल तर दुखण्याचे कारण शोधायला हवे.

आता आपल्या मांड्या. आपण चढताना दमलात, पण दुखते आहे ते उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलत असतो, प्रत्येक पायरीवर ब्रेक लावल्यासारखा, आणि सवय नसेल तर अशा कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे 12 ते 24 तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि पाच ते सात दिवसांत आपोआप ओसरते. आपली सोमवार-मंगळवारची हकिगत याला तंतोतंत जुळते. पुष्कळ जण याचे कारण लॅक्टिक ॲसिड साठल्याचे सांगतात, पण ते श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात निघून जाते. मंगळवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

अशा दुखण्यावर बर्फ लावला तर थोडा आराम मिळतो, पण गरम शेकानेही मिळतो. येथे आईंचे म्हणणे मला मान्य आहे. मांडीला सूज नाही, काळे-निळे पडलेले नाही, कोठे एका जागी कळ नाही; अशा वेळी कोमट पाण्याने अंघोळ, सोसवेल असा शेक आणि दिवसातून तीन-चार वेळा घरातल्या घरात सपाटीवर दहा मिनिटे चालणे, यातले जे बरे वाटेल ते करावे. चालण्याचा गुण मला सर्वांत अधिक दिसतो. खुर्चीवरून उठतानाची पहिली दहा पावले नकोशी वाटतात, पण नंतर पाय मोकळे होतात.

घोट्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे ताजी दुखापत आणि सूज आहे, आणि पहिले दोन दिवस गरम शेक किंवा जोरकस मालिश केल्यास सूज वाढते. उद्या सकाळपर्यंत तरी घोट्यावर गरम पिशवी ठेवू नये आणि तेल लावून चोळूही नये. खेळताना दुसऱ्याच्या गुडघ्याचा मार मांडीवर बसून आत रक्त साकळले असेल तर हीच खबरदारी अधिक कडक पाळावी लागते. तशी मांडी चोळत राहिल्यास स्नायूत हाडासारखा कडकपणा तयार होतो आणि तो महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. थोडक्यात, आपल्या घोट्याला बर्फ, आणि मांड्यांना आपल्या सोयीचा शेक. आई आणि मित्र दोन वेगवेगळ्या दुखण्यांबद्दल बोलत आहेत, एवढाच त्यांच्यातला मतभेद आहे.

आता बर्फ लावायचा कसा, हे थोडे विस्ताराने सांगते, कारण घरी होणाऱ्या बहुतेक चुका इथेच होतात. माझी पहिली पसंती जेल पॅकला नसून साध्या, वितळणाऱ्या बर्फाला असते. वितळणारा बर्फ शून्य अंशावर स्थिर राहतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने तेवढेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापले असते. म्हणून तो पायातली भरपूर उष्णता ओढून घेतो आणि तरीही शून्याच्या खाली जात नाही. घरच्या फ्रीझरमधून नुकताच काढलेला जेल पॅक मात्र उणे 15 ते उणे 18 अंशांपर्यंत थंड असतो, मऊ असल्यामुळे तो तितका थंड वाटत नाही, आणि त्वचेवर थेट ठेवल्यास काही मिनिटांत हिमदाहाची सुरुवात होऊ शकते. मटारच्या गोठलेल्या पाकिटालाही हेच लागू आहे. ते घोट्याभोवती छान बसते, पण ते फ्रीझरच्याच तापमानाचे असते. पॅकच वापरायचा असेल तर तो दहा मिनिटे बाहेर ठेवून, ओल्या सुती कापडात गुंडाळून मगच वापरावा.

बर्फात मीठ घालू नये, हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पिशवी अधिक थंड व्हावी म्हणून तसे करणारे लोक मला भेटले आहेत. मे महिन्यात हाताने फिरवायच्या लाकडी पॉटमध्ये आमरसाचे आइस्क्रीम करताना भोवतालच्या बर्फात खडे मीठ घालतात ते याचसाठी की मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जावे आणि दूध गोठावे. जे दुधाचे होते तेच त्वचेचेही होऊ शकते.

कृती अशी आहे. बर्फाचे तुकडे जाड कापडात घेऊन लाटण्याने फोडावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा काढावी आणि त्यात थोडे साधे पाणी घालावे, म्हणजे बर्फ वितळत्या स्थितीत राहतो. पातळ सुती पंचा किंवा जुन्या साडीचा तुकडा पाण्यात भिजवून, पिळून, त्याची एक घडी घोट्यावर ठेवावी व वर पिशवी ठेवावी. ओले कापड थंडावा सारखा पोहोचवते. कोरडा जाड टर्किश टॉवेल ठेवला तर वीस मिनिटांनीही त्वचा पुरेशी थंड होत नाही आणि मग लोक वेळ वाढवत जातात. पाय उशीवर, छातीच्या पातळीपेक्षा थोडा वर असावा. पिशवी हाताने धरावी किंवा नुसती ठेवावी, पट्टीने करकचून बांधू नये. घोट्यासारख्या कमी मांसाच्या जागी 10 मिनिटे पुरतात, मांडी-पोटरीला 15. त्यानंतर किमान दोन तास मध्ये जाऊ द्यावेत. दिवसातून तीन-चार वेळा, दोन ते तीन दिवस, याहून अधिक मी सहसा सांगत नाही.

घड्याळापेक्षाही आपल्या जाणिवेकडे लक्ष द्यावे. बर्फ ठेवल्यावर आधी गार लागते, मग थोडे चुणचुणते किंवा जळजळते, मग खोलवर ठणकल्यासारखे वाटते, आणि शेवटी तो भाग बधिर होतो. बधिर झाले की काम झाले. दहा मिनिटे पूर्ण झाली नसली तरी बर्फ काढावा. पाचव्या मिनिटाला एकदा कापड उचलून त्वचा पाहावी. गुलाबी किंवा लालसर झालेली त्वचा ठीक आहे, सावळ्या त्वचेवर ही लाली कमी दिसते हेही ध्यानात असू द्यावे. पांढरट, मेणासारखी, जांभळट किंवा कडक वाटणारी त्वचा, तसेच गांधी उठणे, ही थांबण्याची खूण आहे. अंगावर चरबीचा थर जाड असेल तर थंडावा आतल्या स्नायूपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो हे खरे आहे, पण म्हणून वेळ दुप्पट करता येत नाही, कारण त्वचा तर लगेचच गार होते.

बांधून ठेवू नका आणि बर्फ ठेवून झोपू नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. कबड्डी खेळणारा एक 19 वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जेल पॅक ठेवून, वरून क्रेप बँडेज बांधून तो झोपी गेला होता, आणि सकाळी उठल्यावर त्याला पाऊल वर उचलता येईना. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या उंचवट्याखाली एक मोठी नस (मज्जातंतू) जवळजवळ त्वचेलगतच असते. थंडी आणि दाब यांमुळे ती बधिर पडली होती. नस सुदैवाने सावरली, पण तीन महिने तो पाय फरफटत चालत होता आणि त्याचे हंगामातले सगळे सामने हुकले. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे टेकताना झिणझिणी येते, तिथेही अशीच उथळ नस आहे. या दोन जागांवर बर्फ ठेवू नये.

लहान जागेसाठी, उदाहरणार्थ खांद्याच्या वरच्या स्नायूत एकाच बिंदूपाशी कळ येत असेल तर, कागदी कपात पाणी गोठवून वरची कड सोलावी आणि तो बर्फ त्या जागी गोल गोल फिरवावा. येथे बर्फ थेट त्वचेवर असतो, म्हणून तो एका जागी थांबवायचा नाही आणि पाच-सात मिनिटांपलीकडे जायचे नाही. घोटा बादलीत बुडवणेही चांगले, मात्र पाणी 10 ते 15 अंशांचे असावे. ते मोजायला ताप बघण्याचे थर्मामीटर चालत नाही, कारण त्याचे आकडे 35 च्या आसपास सुरू होतात. साधा नियम असा की हात मनगटापर्यंत बुडवून एक मिनिट ठेवता आला पाहिजे. नाही ठेवता आला तर साधे पाणी वाढवावे. पायाची बोटे सर्वांत आधी कळवळतात, म्हणून पायमोजा घालूनच पाय बुडवावा.

आजकाल संपूर्ण शरीर बर्फाच्या पाण्यात बुडवण्याची आवड वाढली आहे. थंड पाण्यात बसल्याने व्यायामानंतरचे दुखणे केवळ विश्रांतीपेक्षा कमी जाणवते, असे 2012 मध्ये 17 छोट्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले होते. त्यात सहभागी झालेले लोक 366 होते. परंतु 2015 मध्ये 12 आठवड्यांच्या एका प्रयोगात असेही आढळले की वजने उचलण्याच्या व्यायामानंतर दर वेळी थंड पाण्यात बसणाऱ्यांच्या स्नायूंची वाढ तुलनेने कमी झाली. शिवाय अंगाला एकाएकी थंडी बसली की श्वास धाप लागल्यासारखा होतो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. चाळिशी ओलांडलेल्या आणि हृदयाची तपासणी न केलेल्या माणसाने घरी, एकट्याने हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन दुखऱ्या मांड्यांसाठी त्याची गरजही नाही.

आपण बाम लावल्याचे लिहिले आहे. त्यातला मेन्थॉल त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो, त्यामुळे तापमान न उतरताही गार वाटते. तेवढ्याने बरे वाटत असेल तर हरकत नाही, पण बाम लावलेल्या जागी बर्फ किंवा गरम पिशवी ठेवू नये. खरी थंडी वा उष्णता किती लागते आहे, याचा अंदाज त्या त्वचेवर राहत नाही. बाम साबणाने धुऊन मगच शेक घ्यावा. तसेच बर्फ लावल्यानंतर लगेच बॅडमिंटनला किंवा धावायला जाऊ नये. वेदना दबलेली असते आणि स्नायूही काही काळ चपळ नसतो.

आता आईंविषयी. काम शिकत असण्याच्या काळात मी एका मधुमेही आजोबांच्या पावलावर थंड पॅक ठेवला होता आणि त्यांना सांगितले होते, ‘‘फार गार लागले तर हाक मारा.’’ त्यांनी हाक मारली नाही, कारण त्यांना गार लागलेच नाही. दुसऱ्या दिवशी पावलावर फोड आला आणि तो भरायला सात आठवडे लागले. चूक माझी होती: ज्या माणसाच्या पायाची जाणीव गेली आहे, त्याच्या जाणिवेवरच मी भरवसा ठेवला होता. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात, आणि रक्तपुरवठाही कमी झालेला असू शकतो. मग थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे तो आणखी घटतो आणि झालेली जखम भरत नाही. गरम पिशवीचा धोकाही त्यांना तितकाच आहे, हे आईंना आवर्जून सांगावे. शेकताना भाजलेले मधुमेही पाय मी बर्फाने इजा झालेल्या पायांपेक्षा जास्त पाहिले आहेत.

मधुमेहाखेरीज आणखी काही जणांनी बर्फापासून दूर राहावे. थंडीत ज्यांची बोटे पांढरी-निळी पडतात, थंड लागताच ज्यांच्या अंगावर पित्त उठते, कुष्ठरोगामुळे किंवा पक्षाघातामुळे ज्यांच्या हातापायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी तो लावू नये. वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत पायांच्या रक्तवाहिन्या बंद होण्याचा आजार दिसतो. त्यांच्या पोटरीचे दुखणे स्नायूचे वाटते, पण तसे ते नसते. विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्यांच्या कुटुंबात सिकलसेल आहे, त्यांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे: त्या आजारातल्या अंगदुखीवर बर्फ लावणे घातक ठरू शकते, कारण थंडीने तीच वेदना अधिक भडकते. अशा रुग्णाला ऊब, पाणी आणि डॉक्टरांची गरज असते.

आपल्यासाठीही काही खुणा सांगून ठेवते. लघवी चहासारखी किंवा कोकमाच्या पाण्यासारखी गडद झाली, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. अतिश्रमाने स्नायूंचा मोठा ऱ्हास होऊन मूत्रपिंडांवर ताण आल्याची ती खूण असू शकते. एकच पोटरी सुजली, गरम आणि ताठ झाली, तर ती चोळू नये आणि तिच्यावर बर्फ लावत बसू नये, कारण शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता तपासावी लागते. घोट्यावर भार देऊन सलग चार पावलेही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर बोटाने दाबल्यावर तीव्र दुखले, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. आपण चालता आहात, म्हणून आज मला तशी शंका वाटत नाही, पण हाडावर दाबून एकदा पाहाच.

आज रात्री आईंना डोळे मिटायला सांगून त्यांच्या तळपायाला आणि पोटरीला कापसाचा बोळा हलकेच टेकवा, आणि स्पर्श कळला का ते विचारा. मग एक चमचा साध्या पाण्यात आणि एक कोमट पाण्यात बुडवून, कोणता गार आणि कोणता कोमट हे त्यांना सांगता येते का ते पाहा. चुकत असतील तर त्यांच्या पायांना कोणताच शेक नको. न चुकता सांगितले तरी या घरच्या चाचणीवर विसंबून शेक सुरू करू नका. रात्रीचे दुखणे पेटक्यांचे आहे, नसांचे आहे की रक्तपुरवठ्याचे, हे डॉक्टरांनी पायाची नाडी हाताने तपासून ठरवायला हवे. थोडे चालल्यावर पोटरी भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते, असे त्यांना होते का, हेही विचारून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. आणि तपासणीत काय निघाले ते मला अवश्य कळवा, म्हणजे त्यांच्या पोटऱ्यांसाठी काय करता येईल ते मी सांगू शकेन.